दुसरी सीडी

"करंजी तळल्यापासून दोन मिनिटांत तोंडात गेली पाहिजे. त्यानंतर ती करंजी नाही, नुसतं पीठ," असं म्हणत गर्गे सरांनी बशी रिकामी केली आणि टीव्हीवरची नजर न काढता ती स्वयंपाकघराच्या दाराकडे धरली. आतून एक हात आला, बशी घेऊन गेला आणि भरून परत ठेवून गेला. हाताला पीठ लागलेलं होतं, मनगटात एकच काचेची बांगडी होती. त्या हाताच्या मालकिणीकडे मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी इतरांवर भरपूर तोंडसुख घेणार आहे.

दोन हजार तीन सालच्या डिसेंबरातला शेवटचा रविवार होता. नाशकात थंडी अशी पडलेली की सकाळी नळाला हात लावायची हिंमत होत नव्हती. गर्ग्यांच्या घरी या दिवसाला 'सिनेमाचा रविवार' म्हणत. जाड पडदे ओढायचे, दिवाणावर दुलया पसरायच्या, फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवायचा आणि जुन्या गाजलेल्या प्रेमकादंबऱ्यांवरचे सिनेमे एकामागून एक बघायचे. एखादा बंगाली, एखादा इंग्रजी आणि शेवटी न चुकता 'सायलीचं कुंपण'. सोबतीला मटारच्या करंज्या, संपतील तशा गरम.

सर म्हणजे माझे एम.ए.चे सर. मराठी कादंबरीतल्या प्रेमभावनेवर त्यांची दोन पुस्तकं होती. वर्गात विरहाचा उतारा वाचायला लागले की मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा रुमाल शोधायच्या. त्यांचा मुलगा निनाद माझा होणारा नवरा. साखरपुडा झालेला, आठ फेब्रुवारीचा मुहूर्त, पत्रिका छापून घरात येऊन पडलेल्या. आदल्या वर्षी याच रविवारी मी पहिल्यांदा त्या घरात आले होते आणि सिनेमा बघताना निनादच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलेलं बघून त्याच्या प्रेमात पडले होते. आमच्या घरात पुरुष रडत नसत. आजी गेली तेव्हा माझे वडील मोरीत जाऊन तोंड धुऊन आले, तेवढंच. इथे बापलेक दोघंही रुमाल मांडीवर घेऊन बसलेले. मला वाटलं, अशा घरात बाई सुखी राहील.

तो हात होता सरांच्या धाकट्या बहिणीचा, कुंदाआत्यांचा. चोपन्न वर्षांच्या, बिनलग्नाच्या. घरात सगळं त्याच करायच्या, आणि सगळं करणाऱ्या माणसाची चौकशी कोणी करत नाही तशी त्यांचीही कोणी करत नसे.

'सायलीचं कुंपण' दोन सीड्यांत होता. पहिल्या सीडीच्या वेळी आत्यांना सुट्टी असायची. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसायच्या आणि पडद्यावरच्या बाईबरोबर त्यांचेही ओठ हलायचे. गोष्ट साधी. जहागीरदार अण्णासाहेबांची बहीण इंदुमती, तिला चित्रकला शिकवायला येणारा दिनकर. अण्णासाहेबांना कळतं, ते दिनकरला हाकलतात आणि इंदुमतीला माडीवर कोंडतात. माडीच्या दाराला बाहेरून कडी लागते आणि पहिली सीडी संपते.

"चल कुंदे, घाणा टाक," सर म्हणाले.

आत्या पाट उचलून आत गेल्या. दुसऱ्या सीडीत सगळे रडतात आणि रडलं की भूक लागते, असं माझ्या होणाऱ्या सासूबाई सुलभाकाकू नेहमी म्हणायच्या. त्यामुळे वर्षानुवर्षं आत्यांनी पहिली सीडी पाठ होईपर्यंत बघितली होती आणि दुसरी एकदाही नाही. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मध्यंतरात सरांनी ड्रॉवरमधून किल्ली काढली, काचेचं कपाट उघडलं आणि मूळ कादंबरीची प्रत माझ्या हातात दिली. "कोंडण्याचा प्रसंग वाच. यंदा मान होणाऱ्या सुनेचा."

मी वाचलं. बरं वाचलं असणार, कारण काकूंनी दोनदा नाक ओढलं. दोनशे बाराव्या पानावर केसांच्या आकड्याचा गंज उमटला होता, अगदी आकड्याच्या आकाराचा. मुखपृष्ठाच्या आत वाचनालयाचा जांभळा शिक्का होता.

"सर, हे वाचनालयाचं पुस्तक?"

"त्र्याहत्तर सालापासून परत करायचं राहिलंय," सर म्हणाले, आणि निनाद आधीच हसायला लागला.

"बाबा, सांगा ना तिला. आता ती घरचीच आहे."

सरांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. आत कढईचा चर्र आवाज चालू होता आणि वर धूर ओढणारा पंखा घरघरत होता. "घाणा चालू असला की तिला काही ऐकू येत नाही," ते म्हणाले. "आमच्या कुंदाचं एक प्रकरण होतं. वाचनालयात पुस्तकं द्यायला एक मुलगा असायचा, रोकडे म्हणून. हुशार होता, नाही कशाला म्हणू? पण म्हणून काय घरात घ्यायचा? हे पुस्तक त्यानं दिलेलं. ही दिवसभर ते घेऊन बसायची. मी काढून घेतलं. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, दादा, पुस्तक ठेव तुझ्याकडे, मला फक्त शेवट सांग. आता तू सांग, शलाका. तुम्हाला नेमलेलं होतं हे. शेवट काय आहे?"

"इंदुमती जाते. दिवसाढवळ्या, सगळ्या घरासमोरून चालत स्टेशनवर जाते."

"बरोबर. हे मी बहिणीला सांगायचं?" सरांनी वर्गात घ्यायचे तसा एक क्षण घेतला. "मी म्हटलं, ती राहते. भावाच्या मायेपोटी राहते. आणि गंमत बघ, सहा वर्षांनी सिनेमा आला, तर त्या दिग्दर्शकानं नेमका माझाच शेवट ठेवलेला. म्हणजे या कादंबरीचं पहिलं रूपांतर कोणाचं? माझं. फक्त पाट्यांमध्ये नाव आलं नाही."

निनाद आडवा होऊन हसला. काकूंनी "काहीतरीच तुमचं" म्हणत पदर तोंडाला लावला. हा विनोद त्या घरात वर्षानुवर्षं मुरलेला होता, कुठे हसायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मीही हसले. हो, हसले. सर विनोद करतात तेव्हा विद्यार्थ्यांनी हसायचं असतं, ती सवय. त्या हसण्याची आठवण आली की आजही मला माझीच किळस येते.

दुसरी सीडी लागली. अण्णासाहेब आजारी पडतात. इंदुमती दिनकरबरोबर निघून जाणार तेवढ्यात अण्णासाहेब अंथरुणातून हाक मारतात, ती वळते, गाठोडं खाली ठेवते आणि भावाच्या पायाशी बसते. मागे सनई. सरांनी चष्मा काढला. गालांवरून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलंही नाही. निनादनं माझा हात धरला. त्याचा हात ओला होता, अश्रूंनी की करंजीच्या तेलानं ते कळलं नाही. मी सरांच्या तोंडाकडे बघत होते. तासाभरापूर्वी हे तोंड बहिणीला फसवल्याचा विनोद सांगत होतं, आणि आता तेच तोंड पडद्यावरच्या बहिणीसाठी थरथरत होतं, हनुवटीवर सारणातला एक वाटाणा चिकटलेला होता. पाणी पिऊन येते म्हणून मी उठले.

स्वयंपाकघरात उबदार, तेलकट वास कोंडला होता. आत्या झाऱ्यानं करंज्या उलटत होत्या.

"रडायला लागले?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग अजून बारा लागतील," त्या म्हणाल्या आणि पुढची पारी लाटायला घेतली. मी शेजारी उभी राहून सारण भरायला लागले. आपण या बाईशी पहिल्यांदाच बोलतोय हे माझ्या लक्षात आलं. वर्षभरात पहिल्यांदा.

"मघाशी तू वाचत होतीस. पंख्यामुळे ऐकू आलं नाही. कुठपर्यंत वाचलंस?"

"दोनशे बारापर्यंत. तिथे आकड्याचा गंज लागलाय."

लाटणं थांबलं. "माझा आकडा तो. दादानं पुस्तक ओढलं तेव्हा तिथे होते मी." त्यांनी कातण फिरवून कड कापली, नीट, न घाई करता. "ज्यांनी दिलं होतं ते चिठ्ठी लिहायचे नाहीत. म्हणायचे, चिठ्ठी कोणाच्या हाताला लागली तर बाई बदनाम होते, पुस्तक लागलं तर पुस्तकच राहतं. मला म्हणाले, हे पूर्ण वाच. मला काय म्हणायचंय ते शेवटच्या पानावर आहे."

"मग?"

"मग काय. पान राहिलं. दादाला विचारलं, तो म्हणाला, ती राहते. म्हटलं, म्हणजे यांचंही म्हणणं हेच. राहा, विसर. चांगल्या रीतीनं सांगितलं माणसानं, तोंडावर नाही म्हणाले नाहीत. त्या वाटेनं मी पुन्हा गेले नाही. उगाच त्यांना कशाला अवघडायला लावायचं? एकदा घरी आले होते म्हणे. दादानं दारातूनच परत पाठवलं. मग धुळ्याला गेले." त्यांनी करंजी तेलात सोडली. "मला आपलं वाटायचं, यायचं कशाला मग? सांगून झालं होतं ना."

बाहेर सनई वाजत होती. काकू नाक शिंकरत होत्या.

मला तेव्हा काय काय कळलं ते सांगते. एक, ही बाई तीस वर्षं एका माणसाचा नकार पोटात घेऊन जगत होती आणि तो नकार त्या माणसानं दिलेलाच नव्हता. त्यानं तिला बोलावलं होतं. दोन, दिवाणावरच्या तिघांनाही खरा शेवट ठाऊक होता, आणि तो त्यांचा करमणुकीचा विषय होता. तीन, मी आता तोंड मिटून करंज्या भरत राहिले तर सहा आठवड्यांनी माझं लग्न होईल, आणि पुढच्या डिसेंबरात त्याच विनोदावर मी बरोबर त्याच जागी हसेन.

"आत्या," मी म्हटलं, "कादंबरीत ती जाते."

"सिनेमात राहते म्हणतात."

"सिनेमात राहते. त्यांनी बदललंय. कादंबरीत जाते. मी परीक्षेत लिहिलंय यावर."

"कुठे जाते?"

"स्टेशनवर. तो बाकावर बसलेला असतो. तिला येताना बघतो आणि उठून उभा राहतो. तिथे पुस्तक संपतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कढईतल्या करंज्या बदामी झाल्या, तांबड्या झाल्या, मग काळ्या पडायला लागल्या, आणि त्या हातात झारा धरून तशाच उभ्या. मीही गॅसला हात लावला नाही.

"कुंदे, करपल्याचा वास येतोय," बाहेरून सर म्हणाले.

आत्यांनी गॅस बंद केला. हात धुतले, दोनदा, साबण लावून. मग बाहेर गेल्या आणि टीव्हीच्या समोर उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे.

"अहो वन्सं, दिसत नाहीये," काकू म्हणाल्या.

"दादा, ती जाते?"

"कोण?"

"इंदुमती."

सरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग चष्मा घातला. डोळे अजून ओले होते. "कुंदा, तीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी. तुझ्या भल्याचं होतं तेच मी सांगितलं. आणि तो शेवट काही फार चांगला नाहीच, समीक्षकांनीही तसं लिहिलंय."

"पुस्तक दे मला."

"आधी आत काय करपलंय ते बघ. प्रत जीर्ण झालीय, तेलाच्या हातांनी पानं खराब होतील."

पुस्तक निनादच्या गुडघ्याशी दुलईवर पडलेलं होतं. त्यानं नुसता हात पुढे केला असता तरी चाललं असतं. मी त्याच्याकडे बघितलं. आजही सांगते, त्या क्षणी त्यानं ते उचलून आत्याच्या हातात ठेवलं असतं तर मी सगळं गिळलं असतं, विनोदासकट, आणि आठ फेब्रुवारीला त्याच्या गळ्यात हार घातला असता.

निनादनं रिमोट उचलला आणि सिनेमा थांबवला. पुढचं चुकू नये म्हणून. मग हळू आवाजात मला म्हणाला, "काय गरज होती तुला सांगायची? चांगला चाललेला दिवस घालवलास."

त्याच्या गालावर पाणी तसंच होतं.

मी वाकून पुस्तक उचललं आणि आत्यांना दिलं. त्या ते घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. त्या दाराला आतून कडी आहे हे बहुधा घरात कोणाला माहीतही नसावं, कारण तिघंही त्या आवाजाकडे वळून बघत राहिले.

"सर," मी विचारलं, "तुम्ही रडता कसे हो?"

त्यांना प्रश्न खरोखरच कळला नाही. "प्रसंगच तसा आहे तो," ते म्हणाले.

मी अंगठी काढली. करंजीच्या तेलामुळे ती सहज निघाली. सरांच्या बशीत ठेवली, चुऱ्यात. काकू म्हणाल्या, "अगं, एका सिनेमावरून कोणी लग्न मोडतं का?" निनाद दारापर्यंत आला, भावनेच्या भरात काही ठरवू नकोस म्हणाला. भावनेचा भर म्हणे. मी चपला घातल्या. कोपऱ्यावरच्या गटारापाशी उभी राहून सगळ्या करंज्या ओकून टाकल्या. सात खाल्ल्या होत्या मी, आत्यांच्या हातच्या.

आमच्या घरी पुढे जे व्हायचं ते झालंच. आई चार दिवस बोलली नाही. वडिलांनी पत्रिकांचा गठ्ठा माळ्यावर टाकला आणि कारण विचारलं नाही. पाचव्या दिवशी निनादचा फोन आला. मला वाटलं, माफी मागेल.

"आत्या तुझ्याकडे आलीय का? सोमवारपासून घरात नाहीये."

"इथे नाहीत."

"काही कळलं तर सांग. बाबांना बाहेरचं जेवण सोसत नाही."

मी फोन ठेवला, आणि जाऊन हात धुतले.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेले. तिथले खांडबहाले म्हणून एक गृहस्थ मला ओळखायचे. पुस्तकाचं नाव सांगितल्याबरोबर त्यांनी बांधणीला काढलेल्या ढिगातून ते उपसून पुढे ठेवलं.

"तीस वर्षांनी परत आलं हे," ते म्हणाले. "सोमवारी एक बाई घेऊन आल्या. मी म्हटलं, राहू द्या आता तुमच्याकडेच, आमच्या नोंदीतूनसुद्धा गेलं. तर म्हणाल्या, नाही, माझं वाचून झालं."

मी शेवटचं पान उघडलं. खाली पेन्सिलीनं, जुन्या वळणाच्या अक्षरात तारीख घातली होती आणि सही केली होती. कुंदा गर्गे. आणि या पानाला केसांचा एक आकडा लावला होता, नवा.

"आणखी काही म्हणाल्या?"

"नाही. हातात एक पिशवी होती. त्या तिथे खिडकीपाशी बसून ते शेवटचं पान पुन्हा वाचलं. मग जाताना विचारलं, नाशिकरोड स्टेशनची बस अजून शालिमारवरूनच सुटते ना म्हणून."